‘जाड झालीस’ हे निदान नव्हे

लाइमच्या पेशंटचं वजन वाढलं की सगळ्यांकडे सल्ला तयार असतो. सांगलीहून आत्या व्हिडिओ कॉलवर म्हणते, “तिकडचं चीज-बिज कमी कर गं.” ऑफिसातला जिमवाला म्हणतो, “कॅलरी इन, कॅलरी आउट. सिंपल.” इन्स्टाग्राम म्हणतं, ग्लूटेन सोड, डिटॉक्स घे, डिस्काउंट कोड खाली आहे. मी हार्टफर्डमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी मला लाइमचं निदान झालं आणि तीन महिन्यांत सात किलो वाढले. आत्याचा राग नाही. बाकी दोघांशी मात्र मला भांडायचंय.

आधी आजार समजून घ्या. इथे कनेक्टिकटमध्येच लाइम नावाचं गाव आहे. १९७०च्या दशकात तिथल्या मुलांचे सांधे सुजू लागले आणि हा आजार डॉक्टरांच्या नजरेत भरला. खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड चावते आणि बोरेलिया नावाचा जिवाणू शरीरात सोडते. सीडीसीच्या अंदाजानुसार अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांवर लाइमचे उपचार होतात.

आता वजन. नेहमीचं औषध डॉक्सीसायक्लिन. ते वजन वाढवणारं म्हणून ओळखलं जात नाही. पण रिकाम्या पोटी घेतलं की मळमळतं, म्हणून दोन्ही वेळा गोळीबरोबर काहीतरी खायचं. ते चालू असताना ऊन सोसत नाही, त्वचा भाजते, म्हणून दुपारचं चालणं बंद. गुडघ्यात पाणी झालेलं, म्हणून जिना बंद. अंग दुखून झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते. नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिलं, तर त्या दोन्हींनी वजन वाढू शकतं. लाइममुळे चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, ती कधीकधी साधी बेल्स पाल्सी समजली जाते आणि स्टेरॉइड सुरू होतं. मग भूकही वाढते आणि अंगात पाणीही साठतं.

यात आळस कुठे दिसला?

‘कॅलरी इन, कॅलरी आउट’ चूक नाही, निरुपयोगी आहे. सर्व्हर का पडला, असं विचारल्यावर “कारण तो चालू नाही” असं उत्तर देणाऱ्याला आपण टीममध्ये ठेवत नाही. शरीराच्या बाबतीत मात्र तेच उत्तर विज्ञान म्हणून खपतं. मला एका क्लिनिकने छापील कागद दिला: रोज तीस मिनिटं भरभर चाला. तेव्हा माझा गुडघा वाकत नव्हता. कागद देणाऱ्याने तो पाहिलाही नाही.

या तुच्छतेचा फायदा डिटॉक्सवाले उचलतात. ते निदान ऐकून तरी घेतात. मग सांगतात की जंतू लपलेत, विषं चरबीत साठलीत, वर्षभर अँटिबायोटिक घ्या आणि आमची पावडरही. उपचारांनंतरही काहींचा थकवा महिनोन्‌महिने टिकतो, हे खरं आहे. पण अशा रुग्णांना लांबलचक अँटिबायोटिक देऊन पाहिलेल्या चाचण्या झाल्या आहेत. अमेरिकेतल्या २००१ साली आणि नेदरलँड्समधल्या २०१६ साली प्रसिद्ध झाल्या. नकली औषधाच्या तुलनेत फायदा दिसला नाही. उलट महिनोन्‌महिने शिरेत नळी ठेवली, तर तिथून जीवघेणा संसर्ग होऊ शकतो.

मग करायचं काय? उपचार चालू असताना उपाशी राहू नका. डाळ, अंडी, दही खा. फक्त दूध-दही आणि डॉक्सीसायक्लिन एकत्र नको, कॅल्शियममुळे औषध कमी शोषलं जातं. वजन आठवड्यातून एकदाच करा. डॉक्टरांना थेट विचारा: माझ्या कुठल्या गोळीने वजन वाढतं? तिला पर्याय आहे का? थायरॉइड आणि साखर तपासायची का? या गुडघ्याने कुठला व्यायाम जमेल? दोन-तीन दिवसांत झपाट्याने वजन वाढलं, पाय सुजले, धाप लागली किंवा चक्कर आली, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. लाइम हृदयापर्यंतही पोचतो.

आणि तुमच्या ओळखीत कुणाला लाइम झाला असेल, तर किलो मोजू नका. गुडघा कसा आहे, ते विचारा. झोप लागते का, ते विचारा. जमलं तर डबा पोचवा.