वीणेला पहारा आहे, मृदंगाला का नाही?

गावातला सप्ताह उठला की दुसऱ्या दिवशी मांडववाला बांबू मोजतो, आचारी कढया मोजतो आणि कमिटीवाले वर्गणीच्या पावत्या मोजतात. सात दिवस मृदंग वाजवलेल्या पोराच्या बोटांवरच्या भेगा मात्र कोणी मोजत नाही. तो आपला पखवाज खोळीत घालतो, मोटारसायकलला बांधतो आणि पुढच्या गावाच्या सप्ताहाला निघून जातो.

गेल्या मार्गशीर्षात माझा पुतण्या असाच एका सप्ताहाहून देवळाली प्रवरेला घरी आला. वय तेवीस. चहाचा कप त्याने दोन्ही हातांनी उचलला. म्हातारी माणसे उचलतात तसा. मी विचारले, "काय झालं रे हाताला?" तो म्हणाला, "काही नाही काका, जरा मनगट धरलंय. दोन दिवसांत सुटेल." हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचे होते. पंचवीस वर्षांपूर्वी मी स्वतः ते आमच्या बुवांना ऐकवले होते. माझे मनगट दोन दिवसांत सुटले नाही. सुटला तो मृदंग.

आमचा राहुरी तालुका म्हणजे ऊस, दूध आणि हरिनाम यांचा. पलीकडे नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तो खांब आजही तिथे उभा आहे. गोदाकाठच्या सराला बेटाच्या सप्ताहाला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. आषाढीला त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी राहुरीवरून नगरकडे जाते. अशा मुलखात मृदंग वाजवणारा पोरगा घरटी नसला तरी गल्लीत एक तरी सापडतोच. पूर्वी तो शेत सांभाळून वाजवायचा. आता आळंदीला चार वर्षे राहून शिकून आलेल्या कितीतरी मुलांचे पोट त्या हातावर आहे. पत्रिकेत त्यांच्या नावामागे 'मृदंगाचार्य', 'मृदंगमणी' अशा पदव्या छापतात. पदवी मोठी आहे. हाताची काळजी मात्र कोणाच्याच पदरात नाही.

सप्ताहातला त्याचा दिवस पाहा. पहाटे चारला काकडा, दुपारी गाथ्यावरचे भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन आणि त्यानंतर जागर. कीर्तनात चाल चढत जाते, शेवटच्या गजराला टाळकरी पावले टाकू लागतात आणि सगळा मांडव मृदंगाकडे पाहतो. त्या क्षणी हात आवरता घेणे कोणत्याही जातिवंत वादकाला जमणार नाही. मलाही जमले नव्हते.

मुळात हे वाद्य हाताची परीक्षा घेणारे आहे. डाव्या तोंडाला ओली कणीक लावायची, उजव्याला शाई. वाद्या ताणून, गठ्ठे ठोकून सूर चढवायचा. आमच्या भागात गाणारे काळी चार, काळी पाचला गातात. इतक्या वर चढवलेली पुडी फळीसारखी कडक होते, आणि तिच्यावरची प्रत्येक थाप थोडीफार हातावर उलटते. मांडवातल्या वाऱ्याने कणीक वाळली की डाव्या बाजूचा घुमारा जातो आणि तो भरून काढायला वादक आणखी जोर लावतो. दिंडीत हेच वाद्य गळ्यात अडकवून मैलोन्‌मैल चालायचे. तेव्हा भार मानेवर आणि खांद्यावर येतो, मनगट वाकडे राहते.

त्यात भर पडली ध्वनिक्षेपकाची. कर्णे लोकांकडे तोंड करून असतात. वादकाच्या कानावर येते ते तीस-चाळीस टाळांचे घण. स्वतःचा मृदंग त्याला ऐकू येत नाही, आणि ऐकू आला नाही की हात आपोआप जोरात पडतो. माइक आल्यामुळे वादकाचे कष्ट कमी झाले असतील असा आपला समज असतो. प्रत्यक्षात उलटे झाले आहे.

या हाताला दुसरी कामेही आहेतच. पुतण्या पहाटे घरी असला की चार म्हशींच्या धारा काढतो. दिवसा गवत कापतो, ट्रॅक्टर चालवतो आणि उरलेल्या वेळात त्याच अंगठ्याने मोबाइल सरकवतो. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावरून जाणाऱ्या दोन कंडरा एका अरुंद वेष्टनातून सरकत असतात. ते वेष्टन जाड झाले की प्रत्येक हालचालीला कळ येते. फ्रिट्झ डी क्वेरवेन या स्विस शल्यविशारदाने १८९५ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जाते. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवले आणि अंगठ्याच्या बाजूला जोराची कळ आली, तर बहुधा दुखणे हेच. धारा काढणाऱ्याला ते होते, तान्हे मूल सतत उचलणाऱ्या आईला होते आणि मृदंग वाजवणाऱ्यालाही होते.

मला तेच झाले होते. पण मला ते कोणी सांगितले नाही, आणि मीही कोणाला विचारले नाही. शाळेत फळ्यावर लिहिताना खडू हातातून पडायचा, तरी रात्री भजनाला हजर. बुवा म्हणायचे, "हात दुखल्याशिवाय हात बसत नाही." एका जाणत्याने बिब्बा घालायला सांगितला. बिब्ब्याने मनगटावर फोड आले आणि जुन्या दुखण्यात नवे मिळाले. मग औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. गोळी घेतली की कळ थांबायची आणि मी दुप्पट वाजवायचो. कळ म्हणजे शरीराने दिलेली हाक होती. मी तिचे तोंड दाबत होतो. शेवटी एका डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि काही आठवडे हाताला विसावा द्यायला बजावले. तिसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन होते. मी वाजवले. दोष डॉक्टरांचा नाही, बुवांचा नाही आणि काल्याचाही नाही. पण त्यानंतर दोन वर्षे अंगठा नीट वळला नाही, आणि तो वळू लागला तेव्हा हातातली सफाई गेली होती. आज मी टाळ धरतो.

टाळ हातात आल्यावरच माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. आमचे बुवाही पन्नाशीनंतर टाळावर आले होते. "आता पोरांनी वाजवावं," असे ते म्हणत आणि आम्हाला त्यात त्यांचा मोठेपणा दिसे. पण थंडीत ते उजवा हात उपरण्यात गुंडाळून बसत, हेही आम्ही पाहिले होते. पाहिले आणि त्याचा अर्थ लावला नाही. 'आधीच्या लोकांचे हात कुठे दुखत होते?' असे आज जे विचारतात, त्यांना माझे एवढेच उत्तर आहे. दुखत होते. त्यांनी सांगितले नाही आणि आपण विचारले नाही.

हे काही जगावेगळे दुखणे नाही. इटलीच्या रामाझिनी या वैद्याने १७०० साली कोणत्या धंद्याला कोणता आजार होतो यावर पुस्तक लिहिले, त्यात त्याने गवयांनाही जागा दिली. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान याचे उजव्या हाताचे बोट १८३० च्या दशकात निकामी झाले आणि पियानोवादक होण्याचे त्याचे स्वप्न संपले. आज पाश्चात्त्य देशांत केवळ कलावंतांची दुखणी पाहणारे डॉक्टर आहेत. आपल्याकडे २००४ मध्ये सचिन तेंडुलकरचे कोपर दुखू लागले, तेव्हा टपरीटपरीवर 'टेनिस एल्बो'ची चर्चा होती. एका फलंदाजाच्या कोपराची चिंता साऱ्या महाराष्ट्राने वाहिली, हे चांगलेच झाले. पण आपल्याच देवळात वाजवणाऱ्या पोराच्या मनगटाची चिंता गावाने वाहू नये?

आता उपायांविषयी. मी डॉक्टर नाही. पण पुतण्याला घेऊन या वेळी दवाखान्यात गेलो आणि स्वतः भोगून जे शिकलो होतो ते पडताळून घेतले. पहिली गोष्ट म्हणजे थकवा आणि इजा यांतला फरक ओळखणे. वाजवून हात जड होणे, तळवा लाल होणे हे रात्रीच्या झोपेने जाते. दुसऱ्या दिवशी सकाळीही कळ राहिली, सांधा सुजला, मूठ ढिली पडून तांब्या निसटू लागला, बोट वाकवल्यावर अडकू लागले, तर डॉक्टर गाठावा. मधुमेह असलेल्यांत बोट अडकण्याचे प्रमाण अधिक असते, त्यांनी अधिक जपावे. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. आणखी एक लक्षण फारसे कोणाला ठाऊक नसते. फार वेळ जोरात वाजवल्यानंतर लघवी काळसर-लाल झाली, तर ती उष्णता समजून सब्जाचे पाणी पीत बसू नये. सततच्या आघाताने हातातल्या लाल रक्तपेशी फुटून तसे होऊ शकते. काँगो हे हातानेच वाजवायचे वाद्य वाजवणाऱ्यांत अशा घटनांची वैद्यकीय नोंद झाली आहे. वाजवणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

मनगटाच्या दुखण्यावर लवकर गेल्यास साधे उपचार पुरतात. काही आठवडे अंगठ्याला आधार देणारा पट्टा, बर्फाचा शेक, कळ आणणाऱ्या कामातून सुटका. धारा काढण्याचे काम दुसऱ्याकडे देणे हाही उपचारच आहे. त्याने भागले नाही तर इंजेक्शन आणि क्वचित छोटी शस्त्रक्रिया. पुन्हा सुरुवात करताना पाच-दहा मिनिटे हलक्या हाताने वाजवावे आणि काही दिवसांच्या अंतराने वेळ वाढवावा. एकदम काकड्यापासून जागरापर्यंत नाही.

दुखणे टाळण्याची वाट तर आपल्याच विद्येत आहे. चांगला गुरू पहिल्यापासून सांगतो की थाप मनगटाच्या झटक्याने मारायची नसते. हाताचे वजन खांद्यापासून सोडायचे आणि पुडीने हात परत द्यायचा. अंगठा ताठ ठेवायचा नाही. बैठक अशी हवी की मनगट सरळ राहील. थंडीच्या पहाटे आधी हात चोळून ऊब आणावी आणि विलंबित ठेक्यावर हात मोकळे करावेत. बोटांच्या भेगांना रात्री तेल किंवा व्हॅसलीन लावावे, उघड्या भेगेवर पट्टी बांधल्याशिवाय वाजवू नये. आणि पढंत. बोल तोंडाने म्हणायचे, हाताने टाळी धरायची. जुन्या लोकांनी पढंतीला इतके महत्त्व दिले ते उगाच नव्हे. हात विसावा घेत असतानाही विद्या चालू राहते. माझ्या पुतण्याने पट्टा बांधलेल्या सहा आठवड्यांत हेच केले.

परंतु हे सगळे त्याने एकट्याने करून भागणार नाही, आणि माझे खरे म्हणणे इथे आहे. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पण ती सात दिवस एकाच माणसाच्या गळ्यात असते का? तिला पहारे असतात. पहाऱ्यांची यादी देवळाच्या भिंतीवर लावलेली असते, आपली वेळ आली की माणूस येतो, पाया पडून वीणा घेतो आणि आधीचा मोकळा होतो. वीणा अखंड राहते ती माणूस बदलतो म्हणून. अखंडतेचे इतके साधे गुपित ज्या परंपरेला ठाऊक आहे, तिने एकाच पोराकडून सात दिवस पाच-पाच वेळा मृदंग वाजवून घ्यावा, हे मला समजत नाही.

दोन मृदंगी बोलवा. काकडा आणि हरिपाठ गावातल्या शिकाऊ पोरांना द्या, त्यांचाही हात तयार होईल. वादकाला स्वतःचा आवाज ऐकू येईल असा एक छोटा स्पीकर त्याच्याकडे तोंड करून ठेवा. कीर्तनकार महाराजांनी गजर कोठवर ताणायचा हे वादकाकडे एकदा पाहून ठरवावे. आणि एखाद्याने 'हात दुखतोय' म्हटले, तर पुढच्या वर्षी त्याचे नाव पत्रिकेतून गाळू नका. पोरे दुखणे लपवतात ती या भीतीने. शासन वृद्ध कलावंतांना मानधन देते, ते योग्यच आहे. पण म्हातारपणीच्या मानधनापेक्षा तरुणपणी हात शाबूत राहणे अधिक मोलाचे.

खर्च वाढेल, असे कोणी म्हणेल. वाढेल. शेवटच्या दिवसाच्या फटाक्यांत आणि फ्लेक्सच्या कमानींत तो सहज बसेल.

आमच्या गल्लीतल्या सप्ताहाच्या बैठकीत मी हे मांडले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "गुरुजी, तुमचं पटतं. पण पत्रिकेत दोन मृदंगाचार्य छापायला जागा कुठाय?" मी म्हणालो, "खाली आयोजकांत माझं नाव आहे, ते काढा." सगळे हसले. ठराव अजून झालेला नाही, पण पुढच्या बैठकीत विषय पुन्हा घेऊ, असे ठरले आहे.

पुतण्या आता रोज वीस मिनिटे वाजवतो. पलीकडच्या खोलीत बसून मी ऐकतो. हात अजून पुरता भरलेला नाही, पण थाप स्वच्छ पडते. काल चहाचा कप त्याने एका हाताने उचलला.