अंगठ्याचा व्यवहार

पेढी आतां गिऱ्हाइकाच्या खिशांत आली, असा घोष हल्लीं जिकडे तिकडे ऐकूं येतो. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर, जिल्हा त्यास अपवाद नाहीं. २०१६ सालीं यूपीआय सुरू झाल्यापासून नेप्तीच्या बाजारांतला कांदेवाला आणि चौकांतला चहावाला दोघेही मोबाईलवर पैसे घेऊं लागले. ही सोय खरी आहे, आणि तीस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु या सोयीच्या आडून ज्या कंपन्या आपणांस पेढी म्हणवितात आणि दोन मिनिटांत कर्ज देऊं म्हणतात, त्यांचे स्तुतिपाठक जेव्हां 'आतां कारकून नको, शाखा नको' असें सांगूं लागतात, तेव्हां आम्हांस मौन सोडणें भाग आहे.

पहिली गोष्ट, या कंपन्यांपैकीं बहुतेक पेढ्या नव्हेतच. ॲप ही केवळ दुकानावरची पाटी. परवाना, पैसा व जबाबदारी पाटीमागच्या दुसऱ्याच संस्थेची. गिऱ्हाइकास दिसते ती पाटी. आणि कित्येक पाट्यांमागें दुकानच नसतें! रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटानें नोव्हेंबर २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अहवालांत कर्ज देणारीं सुमारें ११०० ॲपें मोजलीं. त्यांतलीं ६०० बेकायदा निघालीं.

दुसरी गोष्ट, नगर जिल्ह्यास हा खेळ नवा नाहीं. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें पेटलेला दंगा पारनेर-श्रीगोंद्याकडे पसरला, तेव्हां शेतकऱ्यांचा राग सावकाराच्या जिवापेक्षां त्याच्या दप्तरावर होता. रोखे हातीं लागले कीं ते जाळीत. त्यांतून १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांकरितां झाला. त्याचें मर्म असें कीं, शेतकऱ्याचा रोखा ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा, सावकारानें भरलेल्या पैशाची पावती द्यावी, आणि न्यायाधीशानें रोख्यावरचा आंकडा वेदवाक्य न मानतां मुळापासून हिशेब पाहावा. अंगठा उठला म्हणजे संमति मिळाली असें होत नाहीं, हें त्या परक्या सरकारासही कळलें होतें.

आज काय दिसतें? इंग्रजींतील पानेंच्या पानें अटी, शेवटीं 'मान्य' अशी चौकट, आणि तीवर टेकणारा अंगठा. शाई गेली, कांच आली. अंगठा तोच राहिला.

यावर उत्तर मिळतें कीं, नियम आहेत. आहेत खरे. २०२२ च्या नियमांनीं कर्जाची रक्कम थेट ऋणकोच्या खात्यांत पडावी व त्याच्या फोनमधील नांवांच्या यादीस हात लागूं नये असें ठरविलें; १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाचें मुख्य माहितीपत्रक ऋणकोस समजेल अशा भाषेंत देणें बंधनकारक झालें. पण यानें आमचाच पक्ष सिद्ध होतो. दोष नसता तर नियम कशाला? शिवाय १८७९ च्या नियमामागें ग्रामनिबंधक नांवाचा साक्षीदार उभा होता. आजच्या नियमाची आठवण द्यावयास पाथर्डीच्या ऊसतोड मजुराजवळ कोण उभें आहे?

कोणी म्हणेल, तुमच्या शाखेंतल्या माणसांनीं तरी काय दिवे लावले? १९१० सालीं स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना ४ ऑक्टोबर २०२३ रोजीं रद्द झालाच ना? आघात वर्मीं आहे, आणि आम्ही तो चुकवीत नाहीं. परंतु त्या बँकेच्या ठेवीदारास पांच लाखांपर्यंत विम्याचें संरक्षण तरी होतें. बँक नसलेल्या कंपनीच्या मोबाईल-पाकिटांतील पैशास तेंही नाहीं. आणि नव्या पंथाची पेटीएम पेमेंट्स बँक? तिलाही नव्या ठेवी घेण्यास मनाई करणारा हुकूम ३१ जानेवारी २०२४ रोजीं सुटलाच. बिघडलेल्या दप्तरावर उपाय तपासणी हा होय; दप्तर अदृश्य करणें हा नव्हे.

आमचें मागणें थोडें आहे. कर्जाच्या अटी मराठींत, वाचतां न येणाऱ्यास ऐकूं येतील अशा, अंगठा टेकण्यापूर्वीं सांगाव्या. प्रत्येक तालुक्यांत कंपनीचा नांवानिशीं जबाबदार माणूस असावा. आणि तो मिळेपर्यंत खेड्यांतली एकही शाखा बंद होऊं नये. शनिशिंगणापुरांत यूको बँकेनें २०११ सालीं कुलपावांचून शाखा उघडली, तिचें मोठें कौतुक झालें. दारास कुलूप नसलें तरी व्यवहार चालतो, कारण दारांत उत्तर देणारें माणूस असतें. माणूसच नसलेल्या दारास मात्र कितीही कुलुपें घाला, आंत ठेवलेलें सुरक्षित नाहीं.