तीन रविवार

परवा फराळाचे ताट द्यायला शेजारच्या वहिनींकडे गेलो होतो. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा, इस्त्रीचा आणि गॅसचा सारा हिशेब असतो. या खेपेस तीन तारखांभोवती लाल शाईची वर्तुळे दिसली. "नातवाच्या लसीच्या तारखा हो, भावजी!" वहिनी म्हणाल्या. "दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या."

ती वर्तुळे पाहून मला एका देशाची गोष्ट आठवली. अशाच तीन तारखांसाठी तेथे चालू लढाई थांबली होती.

मध्य अमेरिकेतला एल साल्वादोर हा चिमुकला देश. १९८० पासून तेथे यादवी पेटली होती. एकीकडे सरकारी फौज, दुसरीकडे बंडखोर. माणसे गोळ्यांनी मरत होतीच. पण गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांनी जी मुले दगावत होती, त्यांची गणती लढाईत कोण धरणार? ती धरली युनिसेफचे तेव्हाचे प्रमुख जेम्स ग्रँट यांनी. लढाईत पडतात त्याहून अधिक जीव लसीवाचून जातात, असे त्यांनी अध्यक्ष दुआर्ते यांना सांगितले. तेव्हा मुलांसाठी युद्ध थांबवा.

अध्यक्ष राजी झाले. पण बंडखोरांना कोण समजावणार? ते काम कॅथलिक चर्चने अंगावर घेतले. आर्चबिशप रिव्हेरा इ दामास यांनी मध्यस्थी केली.

आता, एका दिवसाने भागत नाही, हे कोणतीही आई सांगेल. त्रिगुणी लस महिन्या-महिन्याच्या अंतराने तीनदा टोचावी लागते. म्हणून १९८५ सालचे तीन रविवार मुक्रर झाले : ३ फेब्रुवारी, ३ मार्च आणि २१ एप्रिल. म्हणजे शब्द तीनदा पाळायचा होता, आणि तोही मधल्या आठवड्यांत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्यांनी! पण तो पाळला गेला. बर्फाच्या पेट्यांतून लस पोहोचली, आया लेकरांना कडेवर घेऊन आल्या, आणि सुमारे अडीच लाख मुलांना लस मिळाली.

दिवस सरला, की लढाई पुन्हा सुरू!

"मग उपयोग काय?" वहिनींचे यजमान म्हणाले. "आज लस टोचायची आणि उद्या त्याच घरावर बाँब टाकायचा!"

प्रश्न खोटा नव्हता. मी गप्प झालो. उत्तर वहिनींनी दिले. "अहो, आजार काय लढाई संपायची वाट पाहतो? पोराचा पाय एकदा लुळा पडला, तर पुढे तह झाला म्हणून तो सरळ होणार आहे का?"

तह व्हायला १९९२ साल उजाडले. तोवर दरवर्षी हे लसीचे दिवस पाळले गेले. पुढे इतर देशांनीही हा कित्ता गिरविला. गाझात पोलिओ परतला, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये भागाभागांत काही तासांची उसंत ठरवून साडेपाच लाखांहून अधिक मुलांना थेंब पाजण्यात आले.

युद्धातल्या मुलांना मदत म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे दुधाची भुकटी आणि कपड्यांची गाठोडी येतात. तीही हवीतच. पण ती पोहोचवायला आधी एक निर्धोक दिवस लागतो, आणि तो कोणत्याही देणगीने विकत मिळत नाही. तो दोन्ही शत्रूंनी मिळून द्यावा लागतो.

निघताना वहिनी म्हणाल्या, "पुढची तारीख नेमकी भाऊबीजेला लागून आली आहे. दवाखाना उघडा असेल ना, एवढीच काळजी."

एवढीच काळजी असणे हे केवढे भाग्य!