दुरुस्ती रातोरात करा, पण किल्लीची जागा सांगून बदला



लागण, खोडवा, खताचा हप्ता आणि तोडणीचा कार्यक्रम याशिवाय शेतकी खात्याच्या माणसाने दुसऱ्या विषयावर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आज आपल्यापैकी पुष्कळांचे बँकेचे खाते, वीजबिल, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज, पीकविम्याचा हप्ता ही कामे मोबाइलवर नाहीतर संगणकावर होतात. घरातला शिकलेला मुलगा किंवा सून ती करून देते. या प्रत्येक कामाच्या दाराला एक कुलूप आहे व त्या कुलपाची किल्ली म्हणजे पासवर्ड. काही ठिकाणी मोबाइलवर आलेल्या ओटीपीवर भागते हे खरे, पण सगळीकडे नाही. आणि ह्या किल्ल्या सांभाळणारी जी पेटी आहे, तिच्याविषयी अलीकडे गटागटांतून इतक्या तक्रारी कानावर येतात, की चार शब्द स्पष्ट लिहिणे जरूर वाटले.

ही पेटी म्हणजे पासवर्ड मॅनेजर. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपण क्रोम, फायरफॉक्स किंवा एज उघडतो त्याला ब्राउझर म्हणतात. त्या ब्राउझरला वरून एक छोटी जोडणी बसवता येते, तिला एक्स्टेन्शन म्हणतात. पासवर्ड मॅनेजरचे एक्स्टेन्शन बसवले की आपले सगळे पासवर्ड त्या पेटीत कुलूपबंद राहतात. आपण फक्त एक मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा. बँकेचे पान उघडले की पेटी ते पान ओळखते आणि बरोबर किल्ली काढून देते. प्रत्येक ठिकाणी वेगळा, लांबलचक, कुणाला ओळखता न येणारा पासवर्ड ठेवायचा तर याहून सोयीचा मार्ग सामान्य माणसाला नाही, असे माझे मत आहे.

मग तक्रार कशाची? तक्रार अपडेटची. एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती निघाली, की ब्राउझर ती आपल्याला न विचारता गुपचूप उतरवून घेतो. क्रोममध्ये ती थांबवण्याची सोय सामान्य माणसाला नाही, आणि नवी आवडली नाही म्हणून जुनीवर परत जाण्याची सरळ वाटही नाही. फायरफॉक्समध्ये एकेका एक्स्टेन्शनचे आपोआप अपडेट बंद करता येते, पण ते किती जणांना ठाऊक? नव्या आवृत्तीला जादा परवानग्या लागत असतील, तर क्रोम ते एक्स्टेन्शन सरळ बंद करून ठेवतो आणि आपण मंजुरी देईपर्यंत चालू करत नाही. बिचारा वापरणारा म्हणतो, "काल तर होती पेटी, आज गेली कुठं?"

आमच्या एका गट ऑफिसात ऐन हंगामात हेच झाले. सकाळी संगणक उघडला तर पेटीचे रंगरूप पार बदललेले. ज्या जागी एक टिचकी मारली की पासवर्ड भरला जायचा, त्या जागी आता दुसरेच काहीतरी उघडायला लागले. अनुदानाच्या पानावर नाव भरले जाई, पासवर्ड भरला जात नसे. बाहेर सभासद कागद घेऊन उभे, आणि आतला पोरगा एकेक अक्षर बघून हाताने टाइप करतोय! तीन वेळा चुकल्यावर ते खातेच अडकले. दोन दिवसांनी पाहतो तर टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी, आणि तिच्यावर सगळे पासवर्ड ओळीने लिहिलेले. त्या पोराला बोल लावून काय उपयोग? काम अडले की माणूस वाट काढतोच. पण अपडेट निघाले सुरक्षिततेच्या नावाने, आणि शेवट झाला काचेखालच्या चिठ्ठीत.

हे फक्त आपल्याकडे झाले असे समजू नका. बिटवॉर्डन नावाचा पासवर्ड मॅनेजर जगभर वापरला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या एक्स्टेन्शनची मांडणी नव्याने केली गेली. पूर्वी नोंदीवर टिचकी मारली की पासवर्ड भरला जात असे. नव्या मांडणीत तीच टिचकी नोंद उघडून दाखवू लागली, आणि भरण्यासाठी बाजूला वेगळे लहान बटण आले. वर्षानुवर्षे हाताला बसलेली सवय एका रात्रीत खोटी ठरली. वापरणाऱ्यांनी ओरड केली, तेव्हा पुढच्या आवृत्त्यांत आटोपशीर मांडणीची, रुंदी वाढवण्याची आणि टिचकीसरशी भरण्याची सोय सेटिंगमध्ये दिली गेली. ओरड ऐकली, हे चांगलेच झाले. पण ती सोय पहिल्याच दिवशी ठेवली असती तर?

दुसरे उदाहरण गूगलचे. २४ व २५ जुलै २०२४ ला विंडोजवरच्या क्रोममध्ये, त्याच्या स्वतःच्याच पासवर्ड मॅनेजरात, काही लोकांना साठवलेले पासवर्ड दिसेनासे झाले. सुमारे १८ तास हा घोळ चालला. ज्या २५ टक्के वापरणाऱ्यांपर्यंत तो बदल पोचला होता, त्यांपैकी अंदाजे २ टक्क्यांना त्याची झळ बसली असे गूगलने सांगितले व माफीही मागितली. २ टक्के आकडा लहान वाटतो खरा, पण क्रोम वापरणारे अब्जावधी आहेत. त्यांच्या चौथ्या हिश्श्यातले २ टक्के म्हटले तरी लाखो माणसे दाराबाहेर उभी राहिली.

तिसरे उदाहरण मायक्रोसॉफ्टचे. त्यांच्या ऑथेंटिकेटर या मोबाइल ॲपमधून पासवर्ड भरून देण्याची सोय जुलै २०२५ मध्ये बंद झाली, आणि ऑगस्टपासून साठवलेले पासवर्ड त्या ॲपमध्ये दिसेनासे झाले. लोक नाराज झालेच. पण तिथे आधी सूचना दिली होती, तारखा कळवल्या होत्या, आणि तेच पासवर्ड एज ब्राउझरमधून वापरण्याची वाट दाखवली होती. सोय काढून घेतली तरी वागण्याची ही रीत बरी म्हटली पाहिजे.

आता दुसरी बाजूही पाहू, नाहीतर ते न्यायाचे होणार नाही. अपडेट बंदच करा असे म्हणणारा मी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत डेफ कॉन नावाची जी परिषद भरली, तिथे मारेक टोथ या चेक संशोधकाने ११ पासवर्ड मॅनेजरांच्या एक्स्टेन्शनमधली एक फट दाखवून दिली. पानावर एखादी साधी सूचना दिसते, "स्वीकारा" म्हणून आपण टिचकी मारतो, आणि तिच्याखाली पेटीचे बटण अदृश्य करून ठेवलेले असते. आपली टिचकी त्यावर पडते व माहिती चोराच्या हाती जाते. असली फट बुजवायला महिना-महिना थांबून कसे चालेल? ती त्याच रात्री बुजवली पाहिजे, मालकाला झोपेतून न उठवता.

शिवाय काही बदल पेटीवाल्यांच्या हातातही नसतात. गूगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनसाठी नवे नियम आणले आणि २०२४ पासून जुन्या नियमांची एक्स्टेन्शने टप्प्याटप्प्याने बंद केली. पूर्वी एक्स्टेन्शनचा एक भाग मागे सतत जागा राहू शकत असे. नव्या नियमांत तो काम नसले की सुमारे ३० सेकंदांत झोपी जातो आणि काम आले की पुन्हा उठतो. त्यामुळे पेटीवाल्यांना आपला माल नव्याने लिहून काढावा लागला. इतक्या मोठ्या दुरुस्तीत कुठेतरी खटका राहणार, हे समजण्यासारखे आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की अपडेट दोन जातीचे असते आणि दोन्हींना एक न्याय लावू नये. फट बुजवणारी दुरुस्ती रातोरात व्हावी. बटण हलवणारा, रंग आणि रीत बदलणारा जो बदल आहे, तो मात्र सांगून, दाखवून आणि काही काळ जुनी रीत शिल्लक ठेवून व्हावा. आज हे दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून येतात. त्यामुळे रंगरंगोटीला वैतागलेला माणूस दुरुस्तीलाही नको म्हणतो.

आपल्या धंद्यात ही समज जुनी आहे. को ८६०३२ या नावातला ८६ हा आकडा १९८६ सालचा. निरा या नावाने महाराष्ट्रासाठी त्याची शिफारस झाली १९९६ मध्ये. मधली दहा वर्षे चाचण्यांत गेली. शिफारस झाल्यावरसुद्धा शहाण्या शेतकऱ्याने पहिल्या वर्षी चार सरी लावून पाहिल्या, जुने बेणे लगेच मोडले नाही. पण तेच उसावर लोकरी मावा दिसला तर दहा वर्षे थांबतो का आपण? त्याच आठवड्यात हालचाल करतो. रोगाला घाई आणि वाणाला धीर, हे ज्याला कळते त्याला माझा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.

आता खरा धोका कुठे आहे तो सांगतो, कारण नुसत्या गैरसोयीसाठी मी एवढा कागद खर्ची घातला नसता. पासवर्ड मॅनेजरचा मोठा गुण म्हणजे तो पत्ता बघून किल्ली देतो. बँकेसारखे हुबेहूब दिसणारे खोटे पान कुणी पाठवले, तर आपल्या डोळ्याला फरक कळणार नाही. पण पत्त्यात एका अक्षराचा जरी फरक असला तरी पेटी गप्प बसते, पासवर्ड भरत नाही. तिचे ते गप्प बसणे हीच आपल्याला सूचना असते. पीएम किसानच्या नावाने खोट्या लिंक आणि एपीके फायली मोबाइलवर फिरतात व शेतकऱ्यांची खाती रिकामी होतात, हे आपण सर्वांनी वाचलेले आहे. अशा वेळी ही पेटी म्हणजे अनोळखी माणसावर भुंकणारे वस्तीवरचे कुत्रे.

पण अपडेटनंतर पेटी खऱ्या पानावरही भरेनाशी झाली तर काय होते? माणूस म्हणतो, "हिचं रोजचंच आहे," आणि पासवर्ड पेटीतून उचलून हाताने चिकटवतो. आज खऱ्या पानावर चिकटवतो, उद्या खोट्या पानावरही तसाच चिकटवील, कारण पेटीच्या गप्प बसण्याचा अर्थ त्याच्या लेखी आता "बिघाड" एवढाच उरला. रोज रात्री उगाच भुंकणाऱ्या कुत्र्याकडे कुणी लक्ष देत नाही, मग खरा चोर आला तरी कूस बदलून झोपतो. मांडणीतला गोंधळ आणि खात्यावरची चोरी यांचा संबंध हा असा आहे. पेटी बनवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

काही जुने सभासद म्हणतील, आमची वहीच बरी. कपाटातल्या कुलूपबंद वहीला मी नावे ठेवणार नाही. काचेखालची चिठ्ठी, भिंतीवरचे कॅलेंडर आणि सगळीकडे एकच जन्मतारीख यांना मात्र ठेवीन. कुणी म्हणेल, पेटीच चोरीला गेली तर? तेही घडलेले आहे. २०२२ मध्ये लास्टपासच्या साठ्यातून ग्राहकांच्या कुलूपबंद पेट्यांच्या नकला चोरीला गेल्या, हे त्या कंपनीने स्वतः जाहीर केले. ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा, त्यांना धोका जास्त. म्हणून मुख्य पासवर्ड लांब हवा, दुसरीकडे कुठेही न वापरलेला हवा.

तेव्हा वैतागून पेटी काढून टाकू नका, पण पुढील गोष्टी जरूर करा. मुख्य पासवर्ड कागदावर लिहून सातबारा आणि शेअर सर्टिफिकेटशेजारी कुलपात ठेवा, कारण तो विसरला तर बहुतेक कंपन्या तो परत देऊ शकत नाहीत. वर्षातून एक-दोनदा पेटीतल्या नोंदींची नक्कल काढून ठेवा. मात्र साधी नक्कल उघड्या अक्षरात असते, म्हणून ती संगणकावर पडू देऊ नका, पेनड्राइव्हवर घेऊन तिजोरीत ठेवा. अपडेटनंतर काही बदलले तर आधी सेटिंग उघडून बघा, जुनी रीत पुष्कळदा तिथे लपलेली असते. पेटी भरत नसेल तर हाताने चिकटवण्यापूर्वी वरचा पत्ता अक्षर-अक्षर वाचा. आणि मुदतीचा अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका. अपडेट कधी येईल ते आपल्या हातात नाही, अर्ज कधी भरायचा ते आहे.

पेटी बनवणाऱ्यांकडे मागणी एकच. आपल्या संस्थेत पोटनियमातली एक ओळ बदलायची तरी सूचना काढावी लागते, सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी लागते, निबंधकांची मंजुरी घ्यावी लागते. तेवढा खटाटोप कुणी मागत नाही. पण कुलूप आमच्या दाराला आहे, आत माल आमचा आहे. किल्लीची खुंटी हलवायची असेल तर आठ दिवस आधी सांगा, आणि एक हंगामभर जुनी खुंटीही भिंतीला राहू द्या. यात गैरवाजवी असे काहीही नाही.

– ऊस विकास अधिकारी