साखरेचा अग्निबाण

साखरेच्या डब्याची चिंता गृहिणीस मुंग्यांमुळें असते. तीच साखर अग्निबाणाचें इंधन होऊं शकते, हें तिच्या स्वप्नींही येत नाहीं. परंतु घरांत पंधरा-सोळा वर्षांचा चौकस मुलगा असेल, तर ही गोष्ट त्याच्या कानीं केव्हांच गेलेली असते. म्हणून आईबापांनींही ती समजून घेतलेली बरी.

तत्त्व सोपें आहे. साखरेंतील ऊर्जा आपण अन्नरूपानें सावकाश वापरतों. तिच्या जोडीस सोऱ्यासारखा प्राणवायु पुरविणारा क्षार आला, म्हणजे ती बाहेरच्या हवेवांचूनही भराभर जळते. तप्त वायु नळीच्या अरुंद तोटींतून वेगानें मागें सुटतात, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार नळी पुढें झेपावते. अमेरिकेंतील हौशी मंडळी ह्या मिश्रणास ‘रॉकेट कँडी’ म्हणतात. नांव खाऊचें, गुण मात्र दारूगोळ्याचे! मिश्रणास नुसती चीर गेली, तरी जळणारा पृष्ठभाग एकाएकीं वाढतो, आंतील दाब अनावर होतो, आणि बाण उडण्याऐवजीं नळीच फुटते.

ह्या छंदाचें एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यांतील आहे. कोलवुड हें तेथील कोळशाच्या खाणीचें गांव. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें ‘स्पुट्निक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, आणि खाणीच्या अधीक्षकाचा १४ वर्षांचा मुलगा होमर हिकम ह्यास अग्निबाणांचा ध्यास लागला. त्याच्या पहिल्याच प्रयोगानें आईच्या गुलाबबागेचें कुंपण उडविलें! पुष्कळ घरीं हें प्रकरण तेथेंच, छडीनें, संपलें असतें.

येथें तसें झालें नाहीं. गांवाबाहेर कोळशाच्या टाकाऊ चुऱ्याचें एक ओसाड मैदान मुलांस मिळालें. खाणीच्या यंत्रशाळेंतील कारागिरांनीं नळ्या व तोट्या घडवून दिल्या. मुलांनीं आडोशासाठीं लाकडी खोपट उभारलें. आणि फ्रीडा रायली ह्या तरुण शिक्षिकेनें होमरच्या हातीं ह्या शास्त्राचा ग्रंथ ठेविला. तो समजण्यास कलनगणित लागे. गणितांत यथातथाच असलेला तो मुलगा तें शिकला. सोरा व साखर ह्यांवर पुष्कळ प्रयोग करून मुलांनीं पुढें इंधनही बदललें. १९६० सालीं राष्ट्रीय विज्ञान-प्रदर्शनांत त्यांच्या कार्यास सुवर्णपदक मिळालें. होमर कालांतरानें ‘नासा’ संस्थेंत अभियंता झाला. रायलीबाई मात्र १९६९ सालीं, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षीं, कर्करोगानें गेल्या. विद्यार्थ्याचें तें यश पाहण्यास त्या राहिल्या नाहींत. आमच्या धंद्यांत हें असेंच चालावयाचें.

ह्या कथेवरून मुलांस मोकळें सोडावें, असें मात्र कोणीं समजूं नये. अमेरिकेंत आज मोठ्या शक्तीचे बाण उडविणाऱ्या हौशी माणसास तीन पायऱ्यांच्या परीक्षा असतात. ‘त्रिपोली रॉकेट्री असोसिएशन’ ही संस्था दुसरी पायरी चढल्यावांचून कोणास स्वतःच्या हातचें इंधन आपल्या मैदानावर वापरूं देत नाहीं. आपल्याकडे स्फोटक पदार्थांविषयींचा १८८४ चा कायदा आहे. परवान्यावांचून असे पदार्थ घरीं करणें हा अपराध होय. तेव्हां चुलीवर हा खटाटोप कदापि नको, हें मुलास स्पष्ट सांगावें.

परंतु तेवढेंच सांगून थांबूं नये. नुसत्या निषेधानें जिज्ञासा मरत नाहीं. ती चोरवाटेनें जाते, आणि अपघात त्या वाटेवरच होतात. मुलास एक प्लॅस्टिकची बाटली, थोडें पाणी व सायकलचा पंप द्यावा, आणि मोकळ्या मैदानांत स्वतः जवळ उभें राहावें. पाण्याचा तो बाण त्याच तिसऱ्या नियमानें उडतो. आपले बाण किती उंच गेले हें कोलवुडच्या मुलांनीं त्रिकोणमितीनें मोजिलें होतें. बाटली किती उंच गेली, हेंही मुलाकडून तसेंच काढून घ्यावें. उत्तर येईपर्यंत दुसरी बाटली देऊं नये.