व्हिस्की कशाला म्हणावे?

भारत-ब्रिटन व्यापार कराराची आपल्याकडील चर्चा शुल्काच्या टक्क्यांभोवतीच फिरत राहिली. 24 जुलै 2025 रोजी स्वाक्षऱ्या झालेल्या या करारानुसार स्कॉचवरील 150 टक्के आयात शुल्क करार अमलात येताच 75 टक्के आणि दहा वर्षांत 40 टक्के व्हायचे आहे. प्रशासनात आयुष्य गेल्याने महसुलाचे महत्त्व मी जाणतो. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्याआधीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. व्हिस्की नेमके कशाला म्हणावे?

स्कॉच उद्योगालाही या प्रश्नाचे उत्तर सहज मिळाले नाही. सातूच्या माल्टपासून तांब्याच्या भट्टीत काढलेली व्हिस्की चवीला भारदस्त असते आणि तिला कधी पीटच्या धुराचा वास असतो. इतर धान्यांपासून काढलेली ग्रेन व्हिस्की तुलनेने हलकी. या दोहोंचे मिश्रण म्हणजे ब्लेंडेड स्कॉच. लंडनच्या इस्लिंग्टन भागात 1905 मध्ये असा माल ‘व्हिस्की’ म्हणून विकणाऱ्यांवर खटले भरले गेले. अखेर शाही आयोगाने 1909 मध्ये ब्लेंडच्या बाजूने कौल दिला. पुढे पिंपात किमान तीन वर्षे मुरवण्याची अट आली. आज जिला आपण परंपरा म्हणतो, ती बऱ्याच अंशी कायद्याने घडवलेली आहे.

बेंगळूरुमध्ये या विषयाचे दोन धडे मिळतात. पहिला खोडे कंपनीच्या ‘पीटर स्कॉट’चा. 1968 पासून बाजारात असलेल्या या नावाची माहिती स्कॉच उत्पादकांच्या संघटनेला 1974 मध्ये झाली होती, पण तिने आक्षेप नोंदवला 1986 मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये हा विलंब निर्णायक मानला. नावाची राखण वेळेवर करावी लागते, हा त्याचा अर्थ.

दुसरा धडा ‘अमृत’चा. राधाकृष्ण जगदाळे यांनी 1948 मध्ये स्थापलेल्या या कंपनीने 2004 मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत विक्रीस आणली. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातले दोनेक टक्के मद्य दरवर्षी उडून जाते. बेंगळूरुच्या हवेत हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही वर जाते. त्यामुळे इथे मद्य लवकर मुरते, मात्र घटही मोठी सोसावी लागते. वयाचा स्कॉटिश मापदंड इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

आपली अडचण अशी की, 2019 पासून लागू असलेल्या अन्नसुरक्षा मानकांनुसार मळीच्या मद्यार्कापासून केलेले पेयही भारतात व्हिस्की ठरू शकते. युरोपात मात्र धान्यापासून न केलेल्या मद्याला ते नाव मिळत नाही. मळी हा साखर उद्योगाचा आधार आहे, हे महाराष्ट्राला सांगायला नको. त्या मद्यार्काला बाजारातून हाकलावे, असे मी म्हणत नाही. वेष्टनावर मूळ पदार्थ ठळकपणे लिहिणे सक्तीचे करावे, एवढेच म्हणतो. मद्य हा राज्यांचा विषय असला, तरी मानके केंद्र ठरवते. भारतीय सिंगल माल्टसाठी धान्य, पिंप आणि इथल्या हवामानाला साजेसा मुरवण्याचा काळ यांची काटेकोर व्याख्या करून भौगोलिक मानांकनाचा मार्ग मोकळा करावा. गोव्याच्या काजू फेणीला ते 2009 मध्येच मिळाले आहे.

शुल्क टप्प्याटप्प्याने उतरण्यास दहा वर्षे लागतील. व्याख्या ठरवण्यासाठी आपल्या हाती तेवढाच अवधी आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)