शोभेची मोटार आणि चालती मोटार

घरच्या आवारात जुनी मोटार दुरुस्तीस काढणाऱ्या गृहस्थाविषयी आपल्याकडे जी समजूत रूढ आहे ती अशी की, आरंभीच्या उत्साहात त्याने गाडी खोलली, पुढे पैसा, सवड आणि धीर या तिन्हींनी एकामागून एक त्याची साथ सोडली, आणि अखेरीस ताडपत्रीखालचा तो सांगाडा भंगारवाल्याच्या हवाली करण्यावाचून त्याला गत्यंतर उरले नाही. असे मुळीच घडत नाही असे नाही. परंतु ज्याच्या अंगी इंजिन उतरविण्याइतके धाडस असते त्याच्या अंगी ते पुन्हा चढविण्याइतकी चिकाटीही बहुधा असते. आणि म्हणूनच अशा गाड्यांपैकी बऱ्याचशा गाड्या इंजिन सुरू होऊन, शेजारीपाजारी पेढे वाटून झाल्यावर, आता काम संपलेच असे सर्वांना वाटू लागते नेमक्या त्याच टप्प्यावर अडून बसतात.

सोलापूरच्या सात रस्त्याच्या परिसरात, विशेषतः रेल्वे लाइन्सकडच्या जुन्या घरांच्या आवारांत, ताडपत्रीखालचे असे मामले आजही दृष्टीस पडतात. कोठे लँब्रेटा, कोठे राजदूत, आणि आमच्या शेजारी, नोकरीतून निवृत्त झालेल्या एका सद्गृहस्थांच्या दारात, 1975 सालची प्रीमियर पद्मिनी. तिचे इंजिन बोअर होऊन, नवे पिस्टन-रिंग पडून, व्हॉल्व्ह घासून केव्हाच बांधून झाले आहे. चोक ओढून स्टार्टर मारला की ती विनातक्रार सुरू होते. मिस्त्री येतात, बॉनेट उघडून कान देतात आणि ठरलेले वाक्य बोलतात, "काका, गाडी झालीच की ओ! आता फक्त बारकंसारकं राहिलंय." या बारक्यासारक्यात पुढच्या काचेचे रबर, दारांची बीडिंग, डाव्या हेडलाइटची रिंग, पेट्रोलच्या काट्याचे वायरिंग, बंपरचे क्रोम आणि नोंदणीचे कागद एवढ्या गोष्टींचा अंतर्भाव होतो, आणि काच व कागद वगळले तर त्यांतील एकीच्याही अभावी गाडीची चाके फिरावयाची थांबत नाहीत, ही गोष्ट ना मिस्त्री बोलून दाखवितात, ना काका मान्य करतात.

ही गाडी सोलापुरातच अपुरी पडून राहावी याचे मला थोडे अधिक वाईट वाटते, कारण तिच्या कुळाचा मूळ पुरुष सोलापूरचा. वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली याच शहरात झाला, आणि आगगाडीच्या कंत्राटांपासून जहाजांपर्यंत व विमानांपर्यंत ज्या ज्या उद्योगांत त्यांनी हात घातला त्यांत हिंदुस्थानात मोटार बनविण्याचा त्यांचा संकल्प सर्वांत अधिक रखडला. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीच त्यांनी अमेरिकन कंपन्यांशी बोलणी केली होती. परंतु तत्कालीन सरकारने पाठबळ न दिल्यामुळे प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना होण्यास 1944 साल उजाडले, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली ती 1947 च्या सुमारास. 1953 साली वालचंद निवर्तले. त्यांच्या पश्चात फियाट 1100 ने मध्यमवर्गाच्या दारात जे स्थान मिळविले ते 1972 साली प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी या नावांनी शतक संपेपर्यंत टिकले. नाव बदलले तरी सोलापूरकरांच्या तोंडी ती फियाटच राहिली, आणि आजही आहे.

गिरण्यांच्या आणि यंत्रमागांच्या या शहरात लेथवाल्यांची एक पिढी अशी होऊन गेली की, मागाचा झिजलेला भाग हातात घेऊन, त्याचे माप डोळ्यांनी आणि कॅलिपरने घेऊन, सायंकाळच्या आत ती मंडळी नवा भाग घडवून देत असत. त्या विद्येचा लाभ मोटारींनाही झाला. पद्मिनीचे बुश, पिना, स्प्रिंगपट्ट्यांचे शॅकल, एवढेच नव्हे तर आटे गेलेले प्लगचे भोकसुद्धा अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा पूर्व भागातील एखाद्या अंधाऱ्या शेडमध्ये आजही सुधारून मिळते. तेव्हा लोखंडाची ददात सोलापुरात नाही. गाडी अडते ती रबरापाशी, काचेपाशी, क्रोमपाशी. आणि या वस्तू लेथवर निघत नाहीत. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पद्मिनीचे सुटे भाग बाजारात खेळते ठेवले होते. 2023 च्या ऑक्टोबरअखेर तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली आणि तो आधारही सुटला. आता कुर्ल्याच्या किंवा पुण्यातील नाना पेठेच्या दुकानात फोन करावा, फोटो पाठवावा, आणि आठवड्याने जे पार्सल येईल ते आपल्याच गाडीचे निघो म्हणून देवाला हात जोडावेत.

मुंबईची खारी, दमट हवा गाडीचा पत्रा खाते. सोलापूरचे ऊन पत्र्याला फारसे काही करीत नाही, परंतु मे महिन्यात पारा 44 अंशांच्या आसपास रेंगाळू लागला की रबर वाळून त्याला भेगा पडतात, डॅशबोर्ड तडकतो आणि रंग पिठूळ होतो. शेजारच्या गाडीची पुढची काच बसविताना मी प्रत्यक्ष हजर होतो. काचेच्या कडेला नवे रबर चढवून त्याच्या आतल्या खाचेत सुतळी फिरवावयाची, तिची दोन्ही टोके खालच्या बाजूस एकमेकांवरून नेऊन आत लोंबती ठेवावयाची, चौकटीला साबणाचे पाणी लावावयाचे, आणि मग बाहेर एकाने तळहातांनी काच दाबून धरीत असताना आत बसलेल्या दुसऱ्याने सुतळी हळूहळू ओढीत जावयाचे, म्हणजे तिच्याबरोबर रबराचा ओठ चौकटीवर उलटत जातो. वर्णनात सोपी वाटणारी ही क्रिया उजव्या कोपऱ्यापर्यंत सुरळीत झाली. तेथे मात्र रबर बोटभर आखूड निघाले. बाहेरून आणलेला तो नग दिसावयास हुबेहूब होता. परंतु कोपऱ्याची गोलाई निराळी असल्यामुळे सुतळी सुटून आली आणि काच पुन्हा अलगद उतरवून गादीवर निजवावी लागली. काकूंनी दारातून विचारले, "झालं का?" कोणीच उत्तर दिले नाही.

येथपर्यंत परिस्थितीचा दोष झाला. यापुढचा दोष मात्र, माझ्या मते, आपल्या दृष्टीचा आहे. पूर्वी फियाट दुरुस्तीला जात असे ती लग्नाला, तुळजापूरला किंवा पंढरपूरला जावयाचे आहे म्हणून. तारीख ठरलेली असे, आणि त्या तारखेला बीडिंग असो वा नसो, गाडी निघत असे. आज जी गाडी दुरुस्तीस निघते तिला कोठेही जावयाचे नसते. ती "शोरूम कंडिशन"ला आणावयाची असते. मूळ रंगाची छटा, मूळ घडणीचा आरसा, मूळ कंपनीचा शिक्का असलेला काचेचा तुकडा यांचा शोध घेण्यात मालक दोन-दोन वर्षे घालवितो, आणि या काळात जे सर्व व्यवस्थित होते तेच बिघडू लागते. ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे पिस्टन जागच्या जागी धरतात, बॅटरी बसते, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, टायर एकाच बाजूने चपटतात. मग पुन्हा ब्रेक खोलणे आले, किट टाकणे आले, आणि घरातल्या कुणाला तरी ड्रायव्हरच्या जागी बसवून "दाब… धर… सोड" असे म्हणत लाइनमधली हवा काढणे आले. मखरात बसविलेल्या आणि विसर्जनाची तिथीच न नेमलेल्या मूर्तीसारखी गाडीची स्थिती होते.

उभ्या गाडीचे नुकसान पेट्रोलनेही वाढविले आहे. पूर्वी उन्हाळ्यात फियाटच्या पेट्रोल पंपात वाफ अडकून गाडी बंद पडे, तेव्हा बॉनेट उघडून पंपावर ओले फडके टाकावे आणि पाच मिनिटे झाडाखाली उभे राहावे असा शिरस्ता होता. ती अडचण निरुपद्रवी होती. आता देशभरातील पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते, जुन्या रबराचे पाइप आणि पंपाचा पडदा मऊ करते, आणि टाकीत वर्षानुवर्षे साचलेला कीट सुटा करून थेट कार्ब्युरेटरच्या जेटपर्यंत पोहोचविते. ज्या जिल्ह्यात माळशिरस, माढा, पंढरपूरच्या उसावर इतके साखर कारखाने आणि आसवन्या चालतात त्या जिल्ह्याच्या रहिवाशाने इथेनॉलविषयी कुरकूर करावी हे काहीसे अप्रशस्त दिसेल, आणि शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे पडत असतील तर कुरकुरीचे कारणही नाही. पाइप आणि पडदा नव्या प्रकारच्या रबराचे टाकले की प्रश्न बहुतांशी मिटतो. परंतु चालत्या गाडीत पेट्रोल फिरते राहते, भरले जाते, संपते. ताडपत्रीखाली सहा महिने पडून राहिलेले मिश्रण मात्र आतून काम करीत असते.

आता सरकारचे पाहू. 2021 साली केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, प्रथम नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना "व्हिंटेज" म्हणून निराळी नोंद देण्याची तरतूद केली. नंबरपट्टीवर "व्हीए" ही अक्षरे, 20,000 रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, पुढे नूतनीकरणास 5,000. अट अशी की, गाडी मूळ स्वरूपात असावी आणि तिच्या चासीत, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आणि मुख्य बंधन असे की, ती प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे व देखभाल याखेरीज नित्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. शेजारच्या पद्मिनीस पन्नाशी उलटली आहे, म्हणजे ती या मानास पात्र आहे. परंतु तो मान तिने घेतला तर काकांना तिच्यातून नव्या पेठेत भाजी आणावयास जाता येणार नाही. आणि न घ्यावा तर सामान्य नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, तपासणी आणि वाढत गेलेले शुल्क, जे 20 वर्षांवरील मोटारीसाठी 2025 साली 10,000 रुपयांपर्यंत नेण्यात आले आहे. मोटार जपावयाची असेल तर चालवू नका, आणि चालवावयाची असेल तर ती जपण्यासारखी आहे हे आम्ही मानणार नाही, असा या दोन मार्गांचा एकत्रित अर्थ होतो. मालकाच्या मनात जो हव्यास होता त्यालाच येथे शासनमान्यता मिळाली आहे.

मूळ रूप काटेकोरपणे राखणाऱ्यांविषयी मला अनादर नाही. संस्थानिकांच्या मोटारी, पहिल्या महायुद्धापूर्वीची वाहने, एकमेव उरलेले नमुने यांना तसाच जपणारा हात हवा, आणि त्यांच्यासाठी 2021 चा नियम योग्यच आहे. परंतु लाखाच्या घरात निघालेली, चार मुले, एक आजी आणि टपावर वळकटी घेऊन पुण्याच्या रस्त्याला लागणारी पद्मिनी ही त्या कोटीतील वस्तू नव्हे. तिचे ऐतिहासिक मूल्य ती वापरात होती यातच आहे. इंग्लंडात 40 वर्षांवरील, मोठा फेरफार न झालेल्या मोटारीला रस्ता-कर व वार्षिक तपासणी यांतून सूट मिळते आणि तरीही ती रोज चालविता येते. जर्मनीत 30 वर्षे उलटलेल्या, चांगल्या स्थितीतील गाडीला निराळी नंबरपट्टी मिळते, तीही रोजच्या वापरास मोकळीक देऊन. प्रदूषणाचा मुद्दा रास्त आहे, परंतु महिन्यातून चार वेळा सात रस्त्यापासून सिद्धेश्वर मंदिरापर्यंत जाणाऱ्या गाडीने या शहराच्या हवेत जी भर पडेल ती मोजण्यासारखी नसेल.

म्हणून अशा मधल्या वयाच्या आणि मधल्या योग्यतेच्या वाहनांसाठी तिसरा मार्ग असावा असे मला वाटते: जिल्ह्याच्या हद्दीत, वर्षाकाठी ठरावीक किलोमीटरांच्या मर्यादेत, मर्यादित विम्यासह वापराची परवानगी, आणि तिच्यासाठी वर्षातून एकदा सुरक्षिततेची तपासणी. अर्जदाराने गाडी कार्यालयात स्वतः चालवीत आणावी, टेम्पोवर लादून आणू नये, एवढी एकच अट मी स्वतःहून घालीन; कारण त्या निमित्ताने तरी आमच्या भागातील ताडपत्र्या निघतील आणि बंपरविनाच्या चार-दोन गाड्या रस्त्यावर येतील. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे आणि धूर या चार गोष्टी पाहण्यास निरीक्षकाला अर्धा तास पुरतो.